सूचना : वसंतातली झाडचढाई

नमस्कार मंडळी,

थंडीभर गॅरेजमध्ये दोराच्या गाठी मारून हात शिवशिवायला लागलेत ना? पाडव्यानंतरच्या पहिल्या शनिवारी सकाळी नऊ वाजता आपण पुन्हा झाडावर! १९८३ मध्ये पीटर जेंकिन्स यांनी दोरावरची झाडचढाई लोकांना शिकवायला आपल्या या अटलांटातच सुरुवात केली. इथे राहून आपण जमिनीवर का बसावं?

झाड नेहमीचंच, मागच्या अंगणातला पांढरा ओक. पालवी नुकती फुटत असते, त्यामुळे फांद्या खालूनच नीट दिसतात. त्याचा फायदा घ्या. हिवाळ्यात मोडून वर अडकलेली फांदी दिसली तर तिच्याखाली कुणीही उभं राहायचं नाही. दोर फक्त जिवंत आणि किमान सहा इंच जाड फांदीवरूनच टाकायचा, सालीवर घासणार नाही असं आवरण घालून. काट्यांचे बूट अजिबात नकोत, झाडाला जखमा होतात.

बुंध्याला केसाळ मुळांनी चिकटलेला वेल दिसला तर हात लावू नका. तो पॉयझन आयव्ही. पानं नसतानाही अंगावर पुरळ उठतं, म्हणून मुलांना आधीच दाखवून ठेवा. फांदीवर घरटं असेल तर आपण दुसरं झाड शोधू.

पाइनचे पिवळे परागकण तेव्हा जोरात असतात. त्रास होणाऱ्यांनी औषध जवळ ठेवावं. हेल्मेट सक्तीचं, खाली उभ्या असणाऱ्यांनाही. हार्नेसची, म्हणजे चढताना कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांची, शिवण घरीच तपासून या.

किती जण येणार ते बुधवारपर्यंत कळवा, म्हणजे दोर पुरतील.