सोन्याच्या शोधाचे श्रेय जलगारांनाही द्यावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कर्नाटकातील सोन्याचा विषय निघाला की लेखणी थेट कोलारला जाते आणि तिथेही लेफ्टनंट जॉन वॉरन व मायकेल लॅव्हेल या दोन नावांपाशी थांबते. गदगच्या दक्षिणेकडील कप्पतगुड्डाच्या डोंगररांगेला आणि तिच्या कुशीतील डंबळ गावालाही सोन्याचा स्वतंत्र इतिहास आहे. तो सीमाभागातील वाचकांपुढे यावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये डंबळच्या डोंगरांतील सुवर्णयुक्त खडकांविषयी लेख प्रसिद्ध केला. गोकाकजवळ सापडलेल्या प्राचीन गेंड्याच्या अवशेषांचे शास्त्रीय वर्णन करणारे तेच हे फूट, आणि कर्नाटकातील सोने ज्या खडकांत आढळते त्या समूहाला धारवाडचे नाव देणारेही तेच. त्यांच्या कामाविषयी मला नितांत आदर आहे. मात्र कोणत्या ओढ्यात सोने आहे हे सांगायला त्या डोंगरात जलगार, म्हणजे ओढ्यांची वाळू धुऊन सोने काढणारे लोक, आधीपासूनच होते, ही गोष्ट आपल्या लेखनात सहसा येत नाही. पावसाने ओढ्यांना आलेले पाणी ओसरले की ते सोरटूरच्या नाल्यासारख्या ठिकाणची वाळू उपसत, लाकडी परातीत पाण्याखाली हेलकावत हलकी माती वाहू देत, आणि तळाशी उरलेल्या काळ्या लोहयुक्त रेतीतून पिवळे कण वेचून काढत. सोनाराच्या दुकानापुढची माती धुणारे झारेकरी ज्यांनी पाहिले असतील, त्यांना या कामातील चिकाटीची कल्पना येईल. ओढ्याच्या कोणत्या वळणावर जड कण साचतात हे ओळखणे, हे माझ्या मते भूविज्ञानच होय.

कोलारचीही कथा निराळी नाही. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूर राज्याच्या सीमेची मोजणी करताना वॉरन यांच्या कानी सोन्याची वार्ता आली, आणि १८०२ मध्ये त्यांनी जे पाहिले ते तेथील गावकऱ्यांनीच माती धुऊन दाखवले होते. तेथे खाणकामाचा परवाना मिळवणारे लॅव्हेल पोचले ते सुमारे सत्तर वर्षांनी, वॉरन यांचा अहवाल वाचून.

कप्पतगुड्डाच्या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या आरंभी कंपन्यांनी यंत्रे लावून खाणी खोदल्या, पण त्या फार काळ चालल्या नाहीत. त्यांतील एकीचे नाव ‘सांगली खाण’ असे आहे. जवळचा शिरहट्टी तालुका तेव्हा पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होता, आणि बेळगावचे शहापूरही त्याच संस्थानात होते. म्हणजे हा इतिहास आपल्याला वाटतो तितका परका नाही.

२०१९ मध्ये कप्पतगुड्डा वन्यजीव अभयारण्य घोषित झाले, ही समाधानाची बाब आहे. तेथे येणाऱ्यांसाठी वन आणि पुरातत्त्व या दोन्ही खात्यांनी मिळून डंबळ व सोरटूर येथे कन्नड आणि मराठीत माहितीफलक लावावेत, त्यांवर फूट यांच्याबरोबर जलगारांचाही स्पष्ट उल्लेख करावा, आणि त्या परिसरातील वृद्धांच्या स्मरणात या धंद्याविषयी जे काही उरले असेल ते ध्वनिमुद्रित करून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या वृत्तपत्राने या मागणीचा पाठपुरावा केल्यास आम्ही वाचक ऋणी राहू.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव