गोठ्यातली बाटली कुत्र्या-मांजरांवर नको

महोदय,

पोळा जवळ आला की गावोगाव बैलांच्या अंगावरचे गोचीड मारायला औषधाची बाटली आणली जाते. खांदमळणीला बैल धुऊन होतात आणि बादलीत उरलेले पाणी दारातल्या कुत्र्याला, कधी मांजरालाही चोपडले जाते. काही घरांत तर कपाशीवर फवारायचे औषधच वापरतात. मांजर काही तासांत तडफडू लागते आणि 'बाहेर काहीतरी खाल्ले असेल' म्हणून विषय मिटतो.

या बाटल्यांत बहुधा अमिट्राझ किंवा सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन असते. 12.5 टक्के अमिट्राझ 1 लिटर पाण्यात 2 मिली टाकले, तर एका लिटरमध्ये 250 मिलिग्रॅम औषध उतरते. पण घरोघरी माप असते ते झाकणाचे, आणि एका झाकणात 5 मिलीही बसते, 10 मिलीही. मात्रा मोजायची तर सुई काढलेली सिरिंज घ्या. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन हे एकाच कुळातले. मांजराच्या यकृताला हे कूळ लवकर निकामी करता येत नाही, त्यामुळे कुत्र्याला सोसणारी मात्राही मांजराचा जीव घेऊ शकते. त्यातून मांजर अंग चाटून स्वच्छ करते. लावलेले औषध पोटातही जाते. कुत्र्याला लावल्यावर तो पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नये.

तोंडातून लाळ गळणे, कान आणि चेहरा फडफडणे, अंग थरथरणे, झोकांड्या जाणे अशी लक्षणे दिसली, की भांडी घासायचे द्रव साबण आणि कोमट पाण्याने अंग धुवावे. गरम पाण्याने कातडीतून औषध जास्त शोषले जाते, गार पाण्याने अंग थंड पडून झटके वाढतात. मग टॉवेलात गुंडाळून थेट दवाखाना गाठावा. दूध, तूप पाजू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. बाटली सोबत न्यावीच. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातल्या औषधाच्या विषबाधेत अट्रोपिनचे इंजेक्शन उपयोगी पडते; अमिट्राझच्या विषबाधेत तेच घातक ठरू शकते. बाटली न पाहता डॉक्टरांनी अंदाज तरी कशावरून बांधायचा?

आता मूळ दुखणे. कुत्र्याला गोचीड बैलांपासून लागतात, ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड वेगळा, आणि तो आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्याच्या अंगावर नव्हे तर घराच्या फटींत काढतो. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरते, भिंतीवर चढते आणि एखाद्या भेगेत 4 हजारांपर्यंत अंडी घालते. शहाबादी फरशीच्या सांध्यात, माळवदाच्या लाकडांत, दगडी भिंतीच्या सांदीत तिची चांगलीच सोय होते. म्हणून कुत्रा धुऊन आठ दिवसांत पुन्हा गोचीड दिसले, तर औषध खोटे निघाले असे समजू नये. नवी फौज भिंतीतून आलेली असते. फटी सिमेंटने बुजवाव्यात, अंथरुणाचे पोते उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाकावे. फवारणी केलीच तर कुत्रा-मांजर बाहेर ठेवून, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, कारण अंडी एका फवारणीत मरत नाहीत.

कुत्र्यासाठी मानेमागे, जीभ पोचत नाही तिथे केस विंचरून कातडीवर टाकायचे थेंब मिळतात, तसेच महिना ते तीन महिने टिकणाऱ्या गोळ्याही. दोन्ही वजनावर ठरतात. घरच्या काट्यावर आधी एकटे उभे राहा, मग कुत्र्याला उचलून. वजाबाकी केली की झाले. थेंब टाकण्याआधी व नंतर दोन दिवस अंघोळ नको. कुत्र्याला फिट येत असेल तर गोळीआधी डॉक्टरांना तसे सांगावे. कुत्र्याचे थेंब मांजराला अर्धे करून टाकणे तर अजिबात नको.

अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल, काडीचा चटका, नखाने चिरडणे हे सगळे सोडा. काढलेला गोचीड स्पिरिटमध्ये टाकावा.

गोचीड तापाकडेही डोळेझाक होते. कुत्र्याच्या नाकातून रक्त आले, की 'उन्हाने घोळणा फुटला' म्हणून डोक्यावर पाणी ओततात. ते रक्त एर्लिकिया या गोचिडातून पसरणाऱ्या जंतूच्या संसर्गाने प्लेटलेट घटल्याचे लक्षण असू शकते. हिरड्या फिकट पडणे, पोटावर लाल ठिपके, जेवण सुटणे, 103 फॅरनहाइटच्या वर ताप अशी चिन्हे दिसली तर रक्त तपासून घ्यावे. उपचारात बहुधा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण 28 दिवस चालते. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रा भाकरी खाऊ लागला की गोळ्या बंद होतात, आणि दोन-तीन महिन्यांनी तेच दुखणे आणखी बळावून परत येते. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. गावातल्या उपचाराने फरक पडत नसेल तर तिथे दाखवायला उशीर करू नये.

जिल्ह्यातील औषध विक्रेत्यांना एक विनंती. गोचिडाची बाटली देताना 'कोणत्या जनावराला?' आणि 'घरात मांजर आहे का?' हे दोन प्रश्न विचारावेत, आणि बाटलीसोबत सिरिंजही द्यावी.

आपला,
एक पशुवैद्यक, परभणी