फ्लोटेशन बेल्ट म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत पाण्यातल्या व्यायामावर लेख आला, वाचून आनंद झाला. पण फ्लोटेशन बेल्ट, म्हणजे पाण्यात तरंगत ठेवणारा फोमचा पट्टा, कमरेला बांधला की पोहता न येणाऱ्यानेही खोल पाण्यात निर्धास्त उतरावं, असा त्यात जो सूर आहे तो धोक्याचा आहे. अनुभवाने सांगते.

दोन वर्षांपूर्वी, 61व्या वर्षी, जिन्यावरून पडून माझं गुडघ्याखालचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली. पायावर भार मुळीच टाकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पडून पडून मांडी डोळ्यांदेखत बारीक होत गेली. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांच्या संमतीने फिजिओथेरपिस्टने बेल्ट सुचवला. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं तरी जवळपास निम्मं वजन पायांवर येतंच. छातीपर्यंत पाणी असेल तर साधारण एक तृतीयांश, मानेपर्यंत असेल तर दहावा हिस्सा. मला तेवढंही चालणार नव्हतं. म्हणून पाय टेकणारच नाहीत अशी खोल बाजू आणि कमरेला फोमचा पट्टा.

पहिल्या दिवशी पट्टा सैल राहिला. पाण्यात उतरताच तो बरगड्यांवर चढला, पाय मागे गेले, मी पुढे कलंडले आणि तोंड पाण्यात गेलं. बेल्टने मला सरळ केलं नाही. शेजारी पाण्यात उभ्या तरंगणाऱ्या फिजिओने केलं. लाइफ जॅकेटचा फोम छातीवर असतो, तोंड पाण्याबाहेर राहावं म्हणून. बेल्टचा जाड भाग बहुधा पाठीमागे, कमरेवर असतो. शुद्धीवर असलेल्या आणि स्वतःचा तोल सावरता येणाऱ्या माणसाला उभं धरायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून फिजिओने मला आधी उथळ पाण्यात पट्टा बांधून सावरायला शिकवलं: गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी पाणी खाली दाबायचं, की शरीर उभं होतं. उताणं गेलं तर डोकं पुढे आणायचं. हे जमल्याशिवाय मला खोल बाजूला सोडलं नाही. लेखात नेमकं हेच राहिलं आहे.

त्यानंतर मात्र त्या पट्ट्याने मला पाय परत दिला. बांधायचा तो पाण्याबाहेर, दोन बोटं जेमतेम शिरतील इतका घट्ट. कमरेत वाकायचं नाही, अख्खं अंग किंचित पुढे झुकवायचं. गुडघा वर, मग पाऊल खाली आणि मागे, धावल्यासारखं. हाताच्या मुठी सैल ठेवायच्या. पंजाने पाणी ओढलं की हातच काम करतात आणि पाय आळसावतात. सुरुवातीला तीन मिनिटांत दम लागायचा, सहाव्या आठवड्यात 25 मिनिटं जमू लागली. पाण्याच्या दाबाने सूज उतरायची, बाहेर आल्यावर घोट्याचं हाड पुन्हा दिसायचं. नाडी पाण्यात जमिनीपेक्षा कमी पडते, म्हणून किती जोर लावायचा ते नाडीच्या आकड्याऐवजी दमावरून ठरवायचं, हेही तिथेच कळलं.

एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसल्यावर बेल्ट सुटला. आधी छातीइतकं पाणी, मग कमरेइतकं, मग जमीन. हाडाला शेवटी भार लागतोच, आणि तो खोल पाण्यात मिळत नाही.

न भरलेली जखम, ताप, आटोक्यात नसलेली फिट किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी उतरूच नये. छातीवर पाण्याचा दाब येतो, त्यामुळे दमेकऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि एकट्याने कधीच नाही.

लेख वाचून कुणीतरी या आठवड्यातच बेल्ट घेऊन तलावावर जाईल. त्याआधी ही दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका