मुंबई–लंडन प्रवासाचा वेळ चुकीचा धरून गाडीचे पैसे कापल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

नोव्हेंबरमध्ये माझे वडील बेळगावहून रात्रीच्या बसने मुंबईला आणि तिथून लंडनला माझ्या बहिणीकडे गेले. विमानाचं तिकीट आणि तिथल्या हीथ्रो विमानतळावरून घरी न्यायची गाडी, दोन्ही तुमच्याच ॲपवरून काढलं होतं.

विमान मुंबईहून दुपारी १.३० ला सुटून लंडनला संध्याकाळी ५.४५ ला पोचणार होतं. पुढे तुमच्या ॲपने लिहिलंय, ‘प्रवासाचा वेळ ४ तास १५ मिनिटे’. त्याच्याच खाली अंतर दिलंय सुमारे ७,२०० किलोमीटर. म्हणजे ताशी १,७०० च्या आसपास वेग! प्रवासी विमानं ९०० च्या आगेमागे उडतात आणि आवाजाहून वेगाने उडणारं काँकर्ड विमान २००३ सालीच बंद झालं. परतीचा वेळ मात्र १४ तास १५ मिनिटे. आपलं घड्याळ हिवाळ्यात लंडनच्या साडेपाच तास पुढे असतं, ते तुम्ही हिशेबात धरलेलंच नाही. ते धरलं की जायला पावणेदहा तास आणि यायला पावणेनऊ. मार्चअखेर तिथली घड्याळं तासभर पुढे सरकतील, तेव्हा तुमचे आकडे पुन्हा बदलतील. विमानाला लागायचा तेवढा वेळ लागेलच.

आकडा नुसता कागदावर राहिला असता तर पत्र लिहिलं नसतं. पण गाडीची वेळ तुमच्या यंत्रणेने त्यावरूनच काढली. १.३० मध्ये सव्वाचार तास मिळवले, आपल्याकडचे पावणेसहा झाले, त्याचे लंडनचे दुपारचे १२.१५ केले आणि ड्रायव्हरला तेव्हा बोलावलं. त्या वेळी विमान निम्म्या वाटेवरही नव्हतं. ‘प्रवासी आला नाही’ असा शेरा मारून तो गेला, भाडं पूर्ण कापलं. संध्याकाळी वडील बाहेर आले ते नातीसाठी नेलेला कुंद्याचा डबा छातीशी धरून. रेलिंगपाशी उभ्या ड्रायव्हरांच्या हातातली एकेक पाटी वाचत हिंडले. त्यांचं नाव कशावरच नव्हतं. बहीण कामावरून ट्यूबने, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेने, येईपर्यंत ते तिथेच बसून होते.

तुमच्या हेल्पलाइनवर कन्नड, हिंदी, इंग्रजी आहे, मराठी नाही. असू दे, सीमाभागात वाढलोय, कन्नडमध्ये भांडता येतं. पण उत्तर काय मिळालं, तर ‘वाऱ्यामुळे वेळ कमी-जास्त होतो’. होतो ना! वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना तासभर जास्त लागतो. साडेपाच तास वाऱ्याच्या नावावर खपवू नका.

गाडीचं पूर्ण भाडं पंधरा दिवसांत परत करा, ‘प्रवासी आला नाही’ हा शेरा काढा आणि प्रवासाचा वेळ दोन्हीकडच्या घड्याळांचा फरक धरून दाखवा. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात मी ती करीन. तिकीट, गाडीची पावती आणि ॲपवरच्या त्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे.

आपला,
एक ग्राहक
टिळकवाडी, बेळगाव