नाव क्लीव्हलँडलाच राहिले

मा. संपादक,

आपल्या क्रीडा पानावरील अमेरिकन फुटबॉलविषयीच्या टिपणात बाल्टिमोर रेव्हन्स म्हणजे नाव बदललेला क्लीव्हलँड ब्राऊन्स असे म्हणून १९६४ चे विजेतेपदही रेव्हन्सच्या खात्यावर टाकले आहे. ते दुरुस्त व्हावे.

मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला नेत असल्याचे ६ नोव्हेंबर १९९५ रोजी जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँड परिसरातील मतदारांनी स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी दारू-तंबाखूवरील कर चालू ठेवण्यास मोठ्या बहुमताने संमती दिली. छप्पर शाकारायची वर्गणी जमली, तोवर बिऱ्हाड हलले होते. शहराने न्यायालय गाठले. फेब्रुवारी १९९६ च्या तडजोडीनुसार खेळाडू मॉडेल यांच्याबरोबर गेले; नाव, रंग आणि सारे विक्रम मात्र क्लीव्हलँडकडे राहिले. म्हणून रेव्हन्सचा जन्म १९९६ चा मानतात, आणि १९९९ मध्ये परतलेले ब्राऊन्स हे जुनेच ब्राऊन्स ठरतात.

माझे जन्मगाव कोयनेच्या जलाशयाखाली गेले. वडिलांनी देवीचा तांदळा घोंगडीत गुंडाळून नव्या वसाहतीत आणला, गावाचे नावही आणले; सातबारा तेवढा नवा निघाला. क्लीव्हलँडला नेमके उलटे घडले, म्हणून ही तडजोड माझ्या ध्यानात राहिली.

बाल्टिमोरचे दुखणेही जुनेच होते. तेथील कोल्ट्स संघ सक्तीने संपादित करता यावा असा कायदा मेरीलँड राज्य करू लागताच मालकाने २८ मार्च १९८४ च्या रात्री मालमोटारी बोलावून सामान इंडियानापोलिसला हलवले. संपादनाची नोटीस येण्याआधी बाहेर पडण्याची ही सोय आमच्याकडे कोणाला नव्हती! धुलाईला दिलेले असल्यामुळे संघाच्या बँडचे गणवेश तेवढे वाचले, आणि तो बँड पुढे १२ वर्षे संघाविना वाजत राहिला. नव्या संघाचे नाव वृत्तपत्राने घेतलेल्या दूरध्वनी मतदानातून निघाले. त्याच शहरात दफन झालेल्या एडगर ॲलन पो यांच्या कवितेतला डोमकावळा, म्हणजे रेव्हन, लोकांनी निवडला.

आरंभ साधाच होता. १ सप्टेंबर १९९६ रोजी, कोल्ट्स जेथे खेळत त्याच मेमोरियल स्टेडियमवर, ओकलंड रेडर्सवर १९-१४ असा विजय मिळाला. प्रशिक्षकही कोल्ट्सचे जुने, टेड मार्चिब्रोडा. त्या हंगामात ४ सामने जिंकले, १२ गमावले. तरी त्याच वर्षी निवडलेले जोनाथन ऑग्डेन आणि रे लुईस पुढे संघाचे आधारस्तंभ झाले.

रेव्हन्सचे पहिले विजेतेपद २८ जानेवारी २००१ चे, न्यूयॉर्क जायंट्सवर ३४-७ असे मिळवलेले. १९६४ चे क्लीव्हलँडकडेच असू द्यावे. त्या अंतिम सामन्यात ब्राऊन्सने २७-० असे हरवले होते ते बाल्टिमोरच्या कोल्ट्सलाच.

आपला,
एक वाचक, सातारा