पुरुमेंतात घोडीचा वाटा

पणजी, वैशाख

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

मांद्र्याच्या घरी सात कोंबड्या आहेतच, आता मिरगाआधी घोडीही आणायची म्हणतेस. मी नको म्हणणार नाही. पण पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीचे, दिवस आहेत, सोलां, मिरच्या आणि सुके बांगडे भरताना यंदा घोडीचीही यादी करावी लागेल. तीच लिहिते.

आधी कोठीचे. पावसात त्या घरात खरी कोरडी अशी एकच खोली, त्यामुळे सगळी पोती तिथेच येणार, आणि सगळ्यात मोठा धोकाही तिथेच. कोंबड्यांच्या खाद्यात, विशेषतः ब्रॉयलरच्या स्टार्टर आणि ग्रोअरमध्ये, रक्ती हगवण होऊ नये म्हणून औषध घातलेले असते. पोत्यावरच्या चिठ्ठीत मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, नरासिन, मदुरामायसिन असे नाव दिसेल. कोंबडीला ते मानवते, घोड्याला ते विष आहे. मोनेन्सिन घोड्याच्या वजनाच्या दर किलोला २ ते ३ मिलिग्रॅम गेले तरी जीव जाऊ शकतो. कोंबडी त्याच्या कितीतरी पट सहन करते. औषध हृदयाच्या स्नायूवर बसते. घोडी खाणे सोडते, घामाघूम होते, मागचे पाय लटपटतात, नाडी धावते. त्यावर उतारा नाही. थोडेच पोटात जाऊन वाचली तरी हृदय कायमचे अधू राहते आणि पुढे कधीतरी पळताना कोसळते. कारखान्यात औषध पोतेभर सारखे मिसळले असेलच असेही नाही, म्हणून ‘चिमूटभर खाल्ले तर काय होते’ हा हिशेब करूच नकोस. गुरांच्या तयार खाद्यातही कधी कधी हीच औषधे असतात. शेजारच्यांनी प्रेमाने एक पोते दिले तरी चिठ्ठी वाचल्याशिवाय ते घोडीपुढे जाता कामा नये.

औषधाविना असलेल्या दाण्याचीही खैर नाही. घोड्याचे जठर अंगाच्या मानाने लहान असते. एकदम पाच-सहा किलो दाणा गेला की तो न पचता मोठ्या आतड्यात उतरतो, आंबतो, आणि दोन दिवसांत खुरांच्या आतल्या पापुद्र्यांना सूज येते. त्याला लॅमिनायटिस म्हणतात. घोडी मग पुढच्या पायांवर भार टाकत नाही, तापल्या तव्यावर उभी असल्यासारखी उभी राहते. म्हणून कोठीच्या दाराला कडी पुरे नाही. घोडे ओठांनी कडी काढतात, त्यांचा वरचा ओठ बोटासारखा चालतो. कडीत फिरकीचा हूक अडकव.

आता गवत. तुझी घोडी साडेतीनशे किलोची धर. तिला रोज वजनाच्या पावणेदोन टक्के, म्हणजे सहा किलो सुका चारा लागेल. पावसाचे चार महिने म्हणजे १२० दिवस, सातशे वीस किलो. नासधूस धरून आठशे भर. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक ह्याच चार महिन्यांत. गंजी जमिनीला टेकली की खालचा थर बुरसलाच म्हणून समज. फळ्या टाकून वीतभर वर रच, भिंतीपासून हातभर सोड, आणि पाऊस उघडेल त्या दिवशी खिडक्या उघड. बुरसलेल्या चाऱ्याची धूळ छातीत बसून घोड्याला दम्यासारखा खोकला जडतो, तो पुढे सुटत नाही. मूठभर गवत नाकाशी धर: तुला शिंक आली तर ते तिला नको.

भाताचा पेंढा स्वस्त मिळेल. नुसत्या पेंढ्यावर पोट भरते, अंग भरत नाही, आणि पाणी कमी पडले तर तो आतड्यात गोळा होऊन अडकतो. निम्म्याच्या वर देऊ नकोस, बाकी करड किंवा चांगले वाळलेले गवत असू दे. पावसात बांधावर हत्तीगवत माजते आणि फुकट असते, पण त्यातले ऑक्झॅलेट चाऱ्यातला कॅल्शियम धरून ठेवते. त्यावर गव्हाचा कोंडा घातलास तर आणखी वाईट, कारण कोंड्यात फॉस्फरस भारी असतो. शरीर मग हाडांतूनच कॅल्शियम काढून घेते. घोडी हलके लंगडते, आणि काही महिन्यांनी डोळ्यांखाली, नाकाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याची हाडे फुगलेली दिसतात. कोंड्याची मऊ लापशी घोड्याला पौष्टिक असते असे सगळे सांगतील. आठवड्यातून एखादे वेळी ठीक आहे, रोज नाही. लसूणघास मिळाला तर थोडा दे, त्यात कॅल्शियम असतो.

चंदी हलक्या कामाला दिवसाला दीड किलो पुष्कळ झाली: भिजवून ठेचलेला हरभरा आणि जव. दोन-तीन वेळा वाटून दे. काम नसेल त्या दिवशी निम्मी. आधी गवत, मग अर्ध्या तासाने तोबरा. रोज ३० ग्रॅम मीठ, घाम गेला तर ५०. आगरवाड्याचे जाडे मीठ चालते. पाणी मे महिन्यात ४० ते ५० लिटर, दोन बादल्या कायम भरलेल्या. रपेट करून आलेल्या गरम घोड्याला पाणी देऊ नये असे जुने लोक म्हणतात. ते ऐकू नकोस, तहानलेल्याला पाणी दे. अंगावरही ओत, एकदा ओतून थांबू नकोस, श्वास खाली येईपर्यंत ओतत राहा.

गोव्याची हवा घोड्याची नव्हे, हे मनात धर. आखातातून आलेले अरबी घोडे शतकानुशतके गोव्याच्या बंदरात उतरले. १५१० साली आल्बुकर्कने शहर घेतले त्यातही ह्या व्यापाराच्या जकातीचा लोभ होता. पण गिऱ्हाईक सगळे घाटापलीकडचे, विजयनगर नाहीतर विजापूर. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते घोडेमोडणीच्या नाचातले लाकडी घोडे. दमट उकाड्यात काही घोड्यांना घाम येणेच बंद होते, आणि घाम हाच त्यांचा थंड होण्याचा मुख्य उपाय. चालवून आणल्यावर अंग कोरडे, तापलेले आणि नाकपुड्या फाकून भराभर श्वास असे दिसले तर त्या दिवसापासून काम बंद, पंखा सुरू, डॉक्टरांना बोलाव. मे महिन्यात सकाळी साडेसातनंतर तिला कामाला लावू नकोस.

मांद्र्याची जमीन वाळूची. जमिनीवर टाकलेला चारा उचलताना घोडी वाळू गिळते, ती आतड्यात साठते आणि पोटशूळ उठतो. गव्हाण वापर, खाली रबरची चटई टाक. महिन्यातून एकदा पाच-सहा गोळे लीद काचेच्या बरणीत पाण्यात कालवून पंधरा मिनिटे ठेव. तळाला चमचाभर वाळू बसली तर चाऱ्याची जागा बदल.

घोड्याला उलटी होत नाही, म्हणून पोटाचे दुखणे त्याला जीवघेणे. निरोगी असताना रोज मोजून वहीत लिही: नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ३७.५ ते ३८.५ अंश. तिचा स्वतःचा आकडा ठाऊक असेल तरच बिघाड कळेल. ती वळून कुशीकडे पाहते, पुढच्या पायाने जमीन उकरते, लीद टाकत नाही: चारा काढून घे, नाडी मोज, दोन्ही कुशींना कान लाव. आतडी नेहमी गुडगुडतात, शांतता वाईट. नाडी ६० च्या वर गेली तर वेळ घालवायचा नाही. डॉक्टर येईपर्यंत सावकाश चालव. बाटलीने तेल पाजायला कुणी सांगितले तर सरळ नाही म्हण, ते फुप्फुसात जाते.

परसातल्या झाडांकडे बघ. कुंपणाची कण्हेर मुळासकट काढून टाक, तिची ओंजळभर पानेही घोड्याला पुरतात. घाणेरीही काढ. आंब्याखाली बांधू नकोस, कोय घशात अडकते. काजूच्या दिवसांत पडलेले बोंडू रोज गोळा कर, ते आंबतात आणि तिला गोड लागतात.

खुरांची बाब रोजची. आकडीने माती काढायची, मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या दोन्ही चिरा बघायच्या. काळा, दुर्गंधी चिखल दिसला तर खूर सडू लागला. औषधाआधी उभे राहायची जागा कोरडी हवी. तबेला १२ बाय १२ फुटांचा कर, चिऱ्याच्या जमिनीला दाराकडे उतार दे. नालबंद दर सहा-सात आठवड्यांनी आला पाहिजे. पेडण्यात लगेच मिळेल असे धरू नकोस, घोडी घेण्याआधी तो शोध. खरारा करताना पाठीवर खपल्या आणि त्यांबरोबर उपटून येणारे केसांचे पुंजके दिसले तर तो पावसाचा रोग. ओली झूल घालू नकोस. धनुर्वाताची लस तिला दर वर्षी, आणि लिदीत ते जंतू असतात म्हणून तूही घे.

कोंबड्यांबद्दल तुला वेगळे काय सांगू? पण घोडी आल्यावर थोडे बदलेल. त्यांना लीद उपसायला सोड, माशांच्या अळ्या त्या टिपून खातात आणि ते बघायला मौजही येते. एकच अट: घोडीला आयव्हरमेक्टिनचे जंताचे औषध दिले असेल तर आठवडाभर त्यांना लिदीपासून दूर ठेव, औषध लिदीतून बाहेर पडते आणि अंड्यांत उतरू शकते. खुराडे तबेल्याला लागून नको. खुराड्याच्या फटींत दिवसा दडणारे कोंबड्यांचे बारीक लाल किडे रात्री बाहेर पडून घोड्यालाही चावतात. गव्हाणीच्या वरच्या वाशावर बसायची सवय लागू देऊ नकोस, वरून पडणारी विष्ठा थेट चाऱ्यात आणि पाण्यात जाते.

खुराड्याला षटकोनी भोकांची जाळी आहे ती बदल. उदमांजर ती फाडते, मुंगूस खालून शिरते, अजगराला नुसती फट पुरते. अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी लाव, आणि ती फूटभर जमिनीत पूर. बसायची दांडी दोन इंच रुंद, दर कोंबडीला आठ इंच. खाली तूस टाक, दर दोन दिवसांनी हलव. अमोनियाचा वास तुझ्या नाकाला आला म्हणजे त्यांना तो केव्हाच झोंबलेला असतो.

उन्हाळ्यात अंड्यांची कवचे पातळ होतात त्याला नेहमी खाद्यच कारण नसते. धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचाला लागणारे कार्बोनेट रक्तात कमी पडते. सावली आणि थंड पाणी आधी, मग शिंपल्या. तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून, जाडसर कुटून वेगळ्या वाटीत ठेव, खाद्यात मिसळू नकोस. लागेल तेवढे प्रत्येक कोंबडी स्वतः उचलते. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच अंडी देते म्हणून तक्रार करू नकोस, पिले तीच नीट काढते. खुडूक झाली की दहा-बारा अंड्यांवर बसव, एकवीस दिवस.

मानमोडीची (राणीखेतची) लस चुकवू नकोस. पहिल्या आठवड्यात पिलांच्या डोळ्यात लासोटाचा थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आठव्या आठवड्यात आर-टू-बीची सुई. लस बर्फातून आणायची आणि विरघळवली की दोन तासांत संपवायची. गावात सात कोंबड्यांसाठी कुणी कुपी फोडत नाही, म्हणून शेजारच्या चार घरांना एकत्र कर.

रोजचे काम घोडीचे दीड-दोन तास, कोंबड्यांचे वीस मिनिटे. कोंबड्या एका दिवसासाठी शेजाऱ्यांवर सोडता येतात, घोडी येत नाही. ती एकटीही राहत नाही. कळपाचा प्राणी आहे, कोंबड्या तिच्या सोबतीला पुरणार नाहीत. दुसरा घोडा परवडत नसेल तर निदान एक शेळी आण. पहाटे तू मागचे दार उघडलेस की ती नाकातून हलके फुरफुरेल. ते तुझ्यासाठी की चंदीसाठी हे ठरवत बसू नकोस. कोंबडी बिघडली की अंडे थांबते, लगेच कळते. घोडी मात्र दुखणे लपवते. त्या फुरफुरण्यात एखाद्या दिवशी खंड पडला तर वही उघड.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाशील तेव्हा घट्ट झाकणाची दोन पिंपे आण, एक निळे, एक लाल. निळे घोडीचे, तिच्याच कोठीत. लाल कोंबड्यांचे, आणि ते त्या खोलीत नकोच, बलकांवाच्या (पडवीच्या) मागे पत्र्याखाली ठेव. माप दोन्हीकडे वेगळे असू दे. एकच डबा दोन्ही पिंपांत बुडला तर पिंपे वेगळी ठेवून उपयोग नाही.

तुझी,
आई