बाबा, तुमच्या यादीत एक नाव कमी आहे

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, ज्येष्ठ नागरिक संघात सिनेमाच्या संगीतकारांवर तुम्ही बोलणार आहात त्या भाषणाच्या यादीचा फोटो आईने पाठवला. नौशाद, सचिनदा बर्मन, शंकर-जयकिशन, मदन मोहन, ओपी नय्यर, रोशन, सी. रामचंद्र. सातही नावं बिनतोड. पण मी यादी दोनदा वाचली आणि वसंत देसाई काही सापडले नाहीत. फोनवर विचारलं असतं तर तुम्ही "अगं, वेळच तासाभराचा आहे" म्हणून विषय संपवला असता. म्हणून हे पत्र. कागदावरच्या माणसाला मध्येच तोडता येत नाही.

तुमचं म्हणणं मला आधीच ऐकू येतंय. देसाई मोठेच, पण ते दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापूंचे संगीतकार, आणि आपला विषय सिनेमाचं लोकप्रिय संगीत. माझं भांडण नेमकं या 'लोकप्रिय' शब्दापाशी आहे. तुमच्या सभागृहात जमणाऱ्या मंडळींना मदन मोहनच्या गझला किती तोंडपाठ असतील मला ठाऊक नाही. पण 'ऐ मालिक तेरे बंदे हम' नुसतं सुरू करा, मागच्या रांगेपर्यंत सगळे गातील. त्यांची नातवंडंही गातील. आणि संगीत कुणाचं विचारलंत तर निम्मे लोक गप्प बसतील. प्रार्थना म्हणून ते गाणं इतकं मुरलंय की ते कुणीतरी पेटीवर बसून बांधलं असेल, लताबाईंनी माइकसमोर उभं राहून गायलं असेल, हेच लोक विसरलेत. शंकर-जयकिशनचं गाणं ऐकलं की शंकर-जयकिशन आठवतात. देसाईंचं गाणं ऐकलं की शाळा आठवते. एवढ्यासाठी माणसाचं नाव यादीतून गळावं, हे मला पटत नाही.

आता तुमच्या टिपणवहीसाठी. जन्म 9 जून 1912, कुडाळजवळचं सोनवडे. त्या मुलखात भजन आणि दशावतार कानावर पडल्याशिवाय कोणी वाढत नाही, आणि ते पुढे त्यांच्या चालींत जागोजाग दिसतं. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात होती तेव्हाच ते तिथे गेले, आणि पडेल ते काम केलं. छोट्या भूमिका केल्या, 'अयोध्येचा राजा'त गायले, संगीतात हाताखाली उमेदवारी केली. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव अशी माणसं ज्या कंपनीत संगीत देत होती, तिथे बसून शिकलेला हा माणूस. बापूंनी प्रभात सोडून 1942 साली परळला राजकमल स्टुडिओ उभा केला तेव्हा देसाई त्यांच्याबरोबर होते. राजकमलचा पहिलाच चित्रपट 'शकुंतला', 1943 चा, त्याचं संगीत त्यांचं. मग 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', 'अमर भूपाळी', 'झनक झनक पायल बाजे', 'दो आँखें बारह हाथ'. ही नावं तुम्ही मला सांगणार हे माहीत आहे, तरी लिहिली.

'झनक झनक'बद्दल मात्र थोडं थांबून बोला. 1955 साली, रंगीत चित्रपटाची नवलाई असताना, शीर्षकगीत अडाणा रागात बांधायचं आणि ते उस्ताद अमीर खाँसाहेबांकडून गाऊन घ्यायचं, ही छाती कुणाची? खाँसाहेब म्हणजे राग सावकाश उलगडणारे, मैफलीतसुद्धा स्वतःत बुडून गाणारे. त्यांना तीन-चार मिनिटांच्या चौकटीत बसवलंय आणि तरी गाण्याला घाई लागलेली नाही. याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात शिवकुमार शर्मा संतूर वाजवून गेले, जेव्हा संतूर म्हणजे काय हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत होतं. एक खरं सांगू? चित्रपट मला आता बघवत नाही. नाच लांबतात, भडक रंगांनी डोळे दुखतात. पण पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐकलं, तर आजही उठावंसं वाटत नाही. 'गूँज उठी शहनाई'चंही तसंच. 1959 चा, विजय भटांचा. बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई सिनेमात आणताना संगीतकाराने स्वतः मागे सरकायचं असतं, आणि देसाई बरोबर तेवढेच मागे सरकलेत. 'तेरे सुर और मेरे गीत' हा बिहाग राग ऐकताना चाल कुठे संपते आणि सनई कुठे लागते ते कळत नाही. तुमच्या यादीतल्या एक-दोघांना वादकापुढे असं बाजूला उभं राहणं जमलं नसतं. नावं घेत नाही, नाहीतर पत्र अर्धवट वाचून ठेवाल.

'दो आँखें'मधल्या 'ऐ मालिक' या प्रार्थनेचे शब्द भरत व्यासांचे. चित्रपटाची गोष्ट औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून आलेली, हेही सांगा, सांगली-साताऱ्याकडची मंडळी लगेच कान टवकारतील. चित्रपटाला 1958 साली बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं. पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की भैरवीची चाल बांधताना देसाईंनी ती गाता गळा नसलेल्या माणसालाही झेपेल अशी ठेवली. गाणारे पडद्यावर कोण आहेत? खून करून आलेले कैदी. त्यांच्या तोंडी हरकती-मुरक्या शोभल्या नसत्या.

त्यानंतर बापूंची आणि त्यांची वाट काही वर्षं वेगळी झाली. 'नवरंग' सी. रामचंद्रांकडे गेला. म्हणजे तुमच्या यादीतल्या एका नावाला तुमच्याच एका लाडक्या चित्रपटासाठी देसाईंनी जागा करून दिली म्हणा ना. पुढे 'लडकी सह्याद्री की'साठी ते पुन्हा एकत्र आले आणि त्यात पंडित जसराजांकडून 'वंदना करो' गाऊन घेतलं. अमीर खाँ, जसराज, कुमार गंधर्व. मैफलीतली इतकी माणसं सिनेमा-नाटकाच्या दारात आणणारा दुसरा कोण दाखवा.

आई, आता तुझ्याशी. 'ऋणानुबंधाच्या' तू भाजी निवडताना गुणगुणतेस, पण कडव्यातली कुमारांची जागा आली की गप्प होतेस. मी लहानपणापासून पाहत आलेय. 'देव दीनाघरी धावला' या नाटकातलं, बाळ कोल्हटकरांचे शब्द, आणि कुमारांच्या जोडीला वाणी जयराम. तमिळ घरातली, बँकेत नोकरी करणारी ही मुलगी, तिचा मराठी उच्चार ऐक, कुठे परकेपणा लागत नाही. तिलाच देसाईंनी 1971 साली 'गुड्डी'त हिंदीत आणलं. 'बोले रे पपीहरा'. मियाँ मल्हारसारखा राग एका नव्या गळ्याच्या हवाली करायचा, तोही लताबाई गात असताना, हे धाडस तुला कळेल, बाबा फक्त मान हलवतील.

त्याच 'गुड्डी'त 'हम को मन की शक्ति देना' आहे. गुलजारांचे शब्द, चाल केदारची. केदार तसा कच्च्या गळ्याचा राग नव्हे. दोन मध्यम, वाकडी चाल, शिकवताना तू मुलांवर किती वेळा वैतागली आहेस. पण इथे शाळेच्या रांगेत उभी असलेली मुलं तो केदार सहज गाऊन टाकतात, आणि आपण राग गातोय हे त्यांना कळतही नाही. अवघड जागा सगळ्या बाजूला ठेवल्यात, रागाचा चेहरा तेवढा राखलाय. रागाच्या गाण्याला विद्वत्तेचा दर्प नसला की ते असं होतं. तू क्लासमध्ये पहिल्या धड्याला हेच का घेत नाहीस, हा माझा जुना प्रश्न अजून तसाच आहे.

बाबा, दोन गोष्टी भाषणात हमखास हशा किंवा टाळी घेतील. एक, 'आशीर्वाद'मधली 'रेलगाडी'. हरिंद्रनाथ चट्टोपाध्यायांचे शब्द, अशोककुमारांचा आवाज, संगीत पुन्हा देसाईच. संघातल्या कुणाला तरी ती एका दमात म्हणायला लावा. दुसरी जरा गंभीर. 23 ऑक्टोबर 1966 ला एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रांत गायल्या, तेव्हाचं 'मैत्रीं भजत' हे संस्कृत गीत कांचीच्या शंकराचार्यांचं, आणि चाल सोनवड्याच्या वसंत देसाईंची. हे ऐकून तुमचे ते निवृत्त मुख्याध्यापक मित्रसुद्धा खुर्चीत सावरून बसतील.

मराठीकडे वळलात तर तास पुरणार नाही. 'घनश्याम सुंदरा' ही होनाजीची भूपाळी पंडितराव नगरकर आणि लताबाईंकडून, 'श्यामची आई'तलं 'भरजरी गं पितांबर' अत्र्यांचं, 'मोलकरीण'मधलं 'देव जरी मज कधी भेटला', 'पंडितराज जगन्नाथ'मधली नाट्यगीतं. यातलं एकच घ्या. मी असते तर 'भरजरी' घेतलं असतं. द्रौपदीने पितांबर फाडून दिल्याची गोष्ट जात्यावरच्या ओवीसारखी सांगितली आहे, आणि आशाबाई त्यात अगदी साध्या, घरच्या बाईसारख्या गातात. नगरकर-लता हवे असं आई म्हणेल. तुमचं तुम्ही मिटवा.

22 डिसेंबर 1975 ला मुंबईत इमारतीच्या लिफ्टमध्ये अपघात होऊन ते गेले. भाषणात हे एका वाक्यात सांगून पुढे जा. लोक मरणाच्याच गोष्टीवर रेंगाळतात आणि कामाचं राहून जातं.

तासाभराचा हिशेब मी मांडून पाहिला. सात जणांना प्रत्येकी आठ मिनिटं धरली तरी छप्पन्न होतात, म्हणजे उरलेल्या चार मिनिटांत देसाई बसणार नाहीत हे मान्य. कुणाला तरी काढावं लागेल. कोणाला, ते तुम्ही ठरवा. फक्त ओपींना हात लावू नका, आई आठवडाभर बोलणार नाही. शंकर-जयकिशनवर तुम्ही नेहमीप्रमाणे वीस मिनिटं घेणार, तिथेच कात्री लावलीत तर सगळे प्रश्न सुटतील. गाणी पेन ड्राइव्हवर भरून पाठवते आहे, क्रम लावलेला आहे. सभागृहातल्या स्पीकरवर आधी एकदा वाजवून बघा, आणि माइक तोंडापासून चार बोटं लांब धरा, मागच्या वेळी अर्धं भाषण फुसफुस ऐकू आलं असं आई म्हणत होती.

डोळ्यांचे थेंब वेळेवर घालताय ना, तेही कळवा.

तुमची,
धाकटी